ल मान्स १९८८: जॅग्वार नशिबाने जिंकली नाही

‘१९८८ साली जॅग्वार एक्सजेआर-९ ने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची मोटारशर्यत मारली ती निव्वळ नशिबाने. मर्सिडीज उतरलीच नाही, पोर्शचं पेट्रोल संपलं, आणि जॅग्वारमध्ये होतं काय, तर रस्त्यावरच्या गाडीचं जुनं अवजड इंजिन.’ हा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. तो जॅग्वारच्या या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या टॉम वॉकिन्शॉ यांच्या चमूवर अन्याय करणारा आहे.

आधी इंजिन. ते जॅग्वारच्या रस्त्यावरच्या व्ही-१२ (बारा सिलिंडरच्या) इंजिनाच्याच कुळातलं होतं, जडही होतं. पण या गाड्या ज्यात धावत त्या ग्रुप सी वर्गात बंधन ताकदीवर नव्हतं, शर्यतीभर मिळणाऱ्या इंधनावर होतं. ७ लिटरचं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) नसलेलं हे इंजिन फार ताण न घेता हवी ती ताकद देई. टर्बोवाल्या पोर्शला मात्र इंधन वाचवायचं तर बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, खाली आणावा लागे. गाडीचे रचनाकार टोनी साउथगेट यांनी या इंजिनापुढे कार्बन फायबर आणि केव्हलार या हलक्या, मजबूत तंतूंचा सांगाडा उभा केला. ल मान्ससाठी हवेचा अडथळा कमी करणारी वेगळी बॉडी बनवली, कारण तिथला मुल्सानचा सरळ पट्टा तेव्हा सुमारे ६ किलोमीटर अखंड होता. त्यावरच्या शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी वळणं, १९९० मध्ये आल्या. जुनं इंजिन हाताशी असणं वेगळं आणि त्याच्याभोवती अशी गाडी रचणं वेगळं.

मर्सिडीजचं इंजिन असलेल्या साउबर गाड्या आल्या होत्या. सरावात एकीचा टायर भर वेगात फुटला आणि त्यांनी माघार घेतली. सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्या पट्ट्यावर टायर टिकवणं हाही शर्यतीचाच भाग, मग त्याचं ऋण जॅग्वारच्या माथी का?

पोर्शचं इंधन संपलं ते तिचे चालक क्लाउस लुडविग ते ताणायला गेले म्हणून. गाडी कशीबशी पिटपर्यंत (इंधन भरण्याच्या थांब्यापर्यंत) आली, वेळ मात्र गेला. इंधनाचा हिशेब हा तर ग्रुप सीचा गाभा. शिवाय जॅग्वारचं सगळं सुरळीत चाललं होतं असंही नाही. पाचपैकी दोन गाड्या बाद झाल्या, त्यातली एक ट्रान्समिशनमुळे. विजेत्या गाडीचा गिअरबॉक्सही अखेरीस दगा देऊ लागला, तेव्हा चालक यान लामर्स यांनी ती चौथ्या गिअरमध्येच ठेवून सांभाळत शेवटापर्यंत नेली. मला या शर्यतीतली सर्वांत मोठी कामगिरी हीच वाटते. जॉनी डम्फ्रीज आणि अँडी वॉलेस हे त्यांचे साथीदार. ३९४ फेऱ्या झाल्या, दुसऱ्या आलेल्या पोर्शच्याही तेवढ्याच. अंतर तीन मिनिटांहून कमी होतं, हे मान्य. पण १९८१ पासून सलग सात वर्षं जिंकणाऱ्या पोर्शला हरवून मिळवलेलं ते अंतर होतं.

आणि नशीब एका दिवसाचं असतं. त्याच वर्षी एक्सजेआर-९ याच मॉडेलने अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यतही जिंकली होती. या वर्गाच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेत संघाचं विजेतेपद जॅग्वारला, चालकांचं मार्टिन ब्रंडल यांना मिळालं. १९९० मध्ये एक्सजेआर-१२ पुन्हा ल मान्स जिंकली, तीही व्ही-१२ च्याच जोरावर.