शिंगांचा नियम वेगळा, मादीचा परवाना वेगळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हरणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शिंगाळे नर राखायचे आणि गाभण माद्या मारायच्या, ही ट्रॉफीची हौस झाली. चंद्रपूरला वनखात्यात जन्म काढला, चितळं आटोक्यात ठेवायला कोणाला परवाना द्यावा लागला नाही."

आधी माझी चूक कबूल करतो. '२००२ मध्ये शिंगांचा नियम आला आणि हरणं कमी झाली' असं मी लिहून गेलो होतो. ते साफ चूक होतं, वाक्य बदललं आहे. शिंगांच्या नियमाने, म्हणजे शिंगाला ठरावीक फाटे नसलेला नर मारायचा नाही या अटीने, हरणं कमी होत नाहीत. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो आणि चारा बरा असला की मादीला बहुधा जुळी होतात. त्यामुळे संख्येचा हिशोब माद्यांवर चालतो.

आता थोडं मागे जातो. १९०७ मध्ये इथली हरणं संपत आली होती, म्हणून माद्यांना कायद्याने अभय मिळालं. त्याचा गुण आला, पण नको तितका. 'खरा शिकारी मादीवर बंदूक उचलत नाही' हे आजोबांकडून नातवाकडे आलं. लांडगा आणि प्यूमा तर कधीच संपवलेले. हरणांनी जंगलातली नवी रोपं वर येऊच दिली नाहीत. इथल्याच अ‍ॅलेगनीच्या जंगलात कुंपण घातलेले तुकडे मी पाहिलेत. आत गुडघ्याच्या वर रोपांची गर्दी आणि तारेच्या बाहेर नुसते नेचे, कारण नेच्याला हरणं तोंड लावत नाहीत. ताडोबात हरणं आटोक्यात ठेवायचं काम वाघ आणि रानकुत्री करतात, काका. पण रोह्यांनी पीक खाल्ल्याचे अर्ज तुमच्याही टेबलावर आले असतीलच ना?

मग शिंगांचा नियम कशाला? तर पूर्वी दिसला नर की झाड गोळी, असं होतं. मारले जाणारे बहुतेक नर जेमतेम दीड वर्षाचे, पहिलीच शिंगं फुटलेले. २००२ पासून बऱ्याच भागात एका बाजूला तीन फाटे हवेत, पश्चिमेला त्याहून कडक. आता मारल्या जाणाऱ्या नरांत निम्म्याहून जास्त अडीच वर्षांचे किंवा थोराड असतात. खरं सांगायचं तर ही लाचच होती. इथल्या वन्यजीव खात्यातल्या गॅरी ऑल्ट या जीवशास्त्रज्ञाने गावोगाव सभा घेऊन शिकाऱ्यांना पटवलं, की माद्या मारा, बदल्यात मोठी शिंगं मिळतील. लोक इतके खवळले की तो सभांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जायचा म्हणतात. २००४ च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली.

मी स्वतः शिकार करत नाही. एकदा शेजाऱ्याबरोबर नारिंगी जॅकेट घालून पहाटे बसलो होतो. नर आला, शेजाऱ्याने दुर्बीण लावली आणि पुटपुटत फाटे मोजू लागला. एक, दोन... तिसरा इंचभर आहे की नाही? इंच भरला नाही तर तो फाटाच धरत नाहीत. तेवढ्यात हरणाने मान वळवली आणि चालत निघून गेलं. शेजारी हळूच शिवी हासडून हसला. त्याच्या खिशात मादी मारायचा वेगळा परवानाही होता. दुपारी मादी मिळाली, तिच्या कानाला टॅग बांधला आणि मांस फ्रीझरमध्ये गेलं.

'गाभण' हा तुमचा शब्द मात्र बरोबर आहे. माज नोव्हेंबरच्या मध्याला आणि बंदुकीचा मुख्य मोसम त्यानंतर, तेव्हा बहुतेक माद्या गाभणच असतात. मलाही ते खटकतं, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

ट्रॉफीबद्दलचा तुमचा संशयही अगदीच खोटा नाही. इथल्या हरणांत २०१२ पासून मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी हा रोग सापडतोय, आणि वयस्क नरांत त्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे नर थोराड होऊ द्यायचे हेच उद्या अंगाशी येऊ शकतं. मिझुरी राज्याने रोग सापडलेल्या जिल्ह्यांत फाट्यांची अट काढूनही टाकली. इथेही काढली तर शिकारी ओरडतील, पण मी त्या अटीच्या बाजूने भांडणार नाही. मादीच्या परवान्यांच्या बाजूने मात्र भांडेन.

शेवटी तुम्ही विचारलंय, गळलेल्या शिंगांचं काय होतं. आपल्याकडे जंगलातलं सांबरशिंग घरी आणलं तर तुमच्याच खात्याने पकडलं असतं. इथे गळलेलं शिंग उचलायला परवाना लागत नाही. मार्चमध्ये मागच्या अंगणात, वालाच्या मांडवाखाली मला एक सापडलं. अर्धं आधीच उंदरांनी कुरतडलेलं, दातांच्या बारीक रेघा स्पष्ट दिसतात. फोटो लेखात टाकतो.