पुढच्याचं डोकं

माझी उंची बेताची आहे. आजवर जी शे-दोनशे नाटकं पाहिली, ती बहुतेक पुढच्याच्या डोक्याच्या आजूबाजूने पाहिली. डोक्याच्या डावीकडे नायक, उजवीकडे नायिका, आणि दोघं एकमेकांजवळ आली की दोघंही गायब. प्रेमप्रसंग मी कायम अंदाजानेच बघत आलो.

म्हणजे प्रयत्न केले नाहीत असं नाही. तिकीट काढताना आसनांचा नकाशा मी कुंडलीसारखा वाचतो. तिसरी घंटा होईपर्यंत पुढची खुर्ची रिकामी असते. तेवढी दहा मिनिटं माझी. दिवे मंदावतात आणि अंधारातून "जरा... जरा..." करत, रांगेतले सगळे गुडघे मोजत एक ताडमाड गृहस्थ येतात. काही माणसं बसल्यावर उभ्यापेक्षा उंच कशी होतात, हे मला न सुटलेलं कोडं आहे. मग मी डावीकडे झुकतो, म्हणून माझ्या मागचा उजवीकडे, त्याच्या मागचा पुन्हा डावीकडे. शेवटच्या रांगेपर्यंत शेत डुलल्यासारखं सगळं डुलतं. रंगमंचावरून हे फार भावपूर्ण दिसत असणार.

दिसत नाही म्हटल्यावर निदान ऐकू तरी यावं! पण खोकल्याच्या गोळीचा कागद नेमका नायकाच्या मृत्यूच्या वेळी सोडायचा असतो, आणि तोही कोणाला त्रास होऊ नये म्हणून सावकाश. एका झटक्यात संपणारी चुरचूर चार मिनिटं पुरवून वापरतात. अशा वेळी मी "शूऽऽ" करतो. त्या बाबतीत माझा दबदबा आहे. "नाटक बघायला जातोस की वर्गावर लक्ष ठेवायला?" असं थोरली बहीण एकदा म्हणाली होती. तीही कुजबुजतच म्हणाली.

प्रवासातही ही खोड सुटत नाही. नव्या गावात लोक आधी बाजार विचारतात, मी नाट्यगृह. ग्रीसमधल्या एपिडॉरसला मात्र डोळे भरून आले. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं उघडं नाट्यगृह, ५५ रांगा, आणि चढ असा की पुढच्याचं डोकं आपल्या पायाशी! माझ्या उंचीचा विचार करणारा माणूस अखेर सापडला, फक्त दोन हजारांहून जास्त वर्षं आधी. खाली मधोमध हळू बोललेलंही वर स्पष्ट ऐकू येतं म्हणतात, म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत धापा टाकत चढलो. खरंच ऐकू आलं. खाली बायको वाटाड्याला सांगत होती, "त्यांचं काही खरं नाही, उतरायला अर्धा तास धरा."

लंडनच्या ग्लोबमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाट्यगृहात, उलटा न्याय. मूळ ग्लोब १६१३ मध्ये जळालं. नाटकातली तोफ उडाली आणि गवताच्या छपराने पेट घेतला. एका प्रेक्षकाची विजार पेटली, ती त्याने बाटलीतल्या बिअरने विझवली, असं तेव्हाच्या एका पत्रात नोंदवलेलं आहे. हुबेहूब त्याच धर्तीचं नवं ग्लोब १९९७ मध्ये उघडलं. मधल्या अंगणात डोक्यावर आभाळ, आणि प्रेक्षकाने पूर्ण वेळ उभं राहायचं. पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही, कारण मागच्यांना दिसत नाही. डोक्यांना मात्र परवानगी आहे. तीन तास मी चिंब भिजत एका रुंद पाठीवरचं ओलं जाकीट पाहिलं. विजार पेटलेल्या त्या गृहस्थाचा हेवा वाटला. तो निदान कोरडा तरी होता, बिअर ओतेपर्यंत.

त्याच शहरात 'द माउसट्रॅप'ही पाहिलं. १९५२ पासून, साथीच्या काळातला खंड सोडला तर, सतत चालू असलेलं रहस्यनाट्य. खुनी कोण ते बाहेर फोडू नका, अशी शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात. नेमकं रहस्य उलगडताना शेजारच्यांना ठसका लागला. दिलेला शब्द मी आजतागायत पाळला आहे. माझा नाइलाज आहे.

पण खरा धक्का टोकियोत, काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या काबुकीझा नाट्यगृहात बसला. तिथे एकाच अंकाचं तिकीट मिळतं, जागा सगळ्यात वर. (पूर्ण खेळाची चैन गुडघ्यांना परवडत नाही.) नट ऐन आविर्भावात थबकला, सभागृह गोठलं, आणि माझ्या मागून एक जण बेंबीच्या देठापासून ओरडला! माझे ओठ "शूऽऽ"साठी आपोआप पुढे आले. मग कळलं, नटाच्या घराण्याचं नाव अचूक क्षणी पुकारायचं, ही तिथली जुनी दाद आहे आणि तिचेही जाणकार असतात. ओठ तसेच पुढे ठेवून मी शीळ घालत असल्याचं नाटक केलं.

मागच्या महिन्यात मात्र ग्रह फिरले. आवडतं नाटक, चौथ्यांदा, आणि चक्क पहिली रांग, मधली खुर्ची. पुढे कोणाचंही डोकं नाही! दुसऱ्या अंकात नायक-नायिका जवळ आली आणि मला दोघंही दिसत होती. नायकाने तिचा हात हातात घेतला, तोंड उघडलं आणि वाक्य विसरला. एक क्षण गेला. दोन गेले. विंगेतूनही काही येईना. त्याची भिरभिरती नजर खाली आली आणि माझ्यावर थांबली.

वाक्य मला पाठ होतं. मी हळूच सांगितलं.

मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "शूऽऽ!"