‘हॅमरवर टाका आणि दाबा’? थांब भावा!

घरी गिझर, पडद्याचा रॉड नाहीतर टीव्हीचं स्टँड बसवायची वेळ आली की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. सांगणं थोडक्यात असं: रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं ड्रिल मशीन, असला की दुसरं मशीन नको. खटका हॅमरवर, म्हणजे ठोक्यांवर, टाका, अंगाचा भार देऊन दाबा. वीट, दगड, टाइल, लोखंड कशातही भोक पडतं. बिट, म्हणजे मशीनला लावलेला भोक पाडणारा दांडा, तापलं तर पाण्यात बुडवा. तोंडाला रुमाल आणि हातात रबरी मोजे असले की कशाची भीती नाही. आणि बिटाच्या मागच्या टोकाला ग्रीस लावा.

आधी ते ‘दाबा’ बघू, कारण बाकीचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ही सवय साध्या हॅमर ड्रिलची. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत ठोके देतात, म्हणून ते मशीन रेटावंच लागतं. रोटरी हॅमरचं पोट वेगळं आहे. आतला पिस्टन हवा दाबतो, ती हवा एका लोखंडी ठोकळ्याला पुढं फेकते आणि तो बिटाच्या बुडावर आदळतो. घाव घालायचं काम मशीनचं. बिट भिंतीला टेकून राहील एवढाच जोर आपला. जास्त रेटून भोक लवकर पडत नाही, फक्त बिटाचं टोक आणि मशीन झिजतं.

शिवाय स्लॅबमध्ये सळई लागली की बिट जागच्या जागी अडकतं आणि मशीनच हातात गर्रकन फिरतं. बऱ्याच मशीनमध्ये अशा वेळी सुटणारा क्लच असतो, पण झटका बसायचा तो बसतोच. प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून, साइड हँडल काढून ठेवून, सगळं वजन टाकून दाबणाऱ्याचं मनगट तरी पिरगळतं नाहीतर तो खाली तरी येतो. सळई लागली की थांबायचं आणि भोक थोडं बाजूला घ्यायचं. ती कापत बसायची नाही. बीम-कॉलमला तर इंजिनीअरला विचारल्याशिवाय बिट लावूच नये.

आता ‘कशातही’. काँक्रीट आणि आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, यांना ठोके हवेतच. बेसॉल्टला वेळ लागतो. मधेमधे बिट बाहेर काढून भुकटी पाडायची आणि टोक थंड होऊ द्यायचं. पण जुन्या पेठांमधल्या मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या भिंतींना हाच हिसका दिला की गिलाव्याचा पोपडा सुटतो, वीट मागच्या बाजूनं फुटते आणि भोकाचं नरसाळं होतं. मग प्लग घातला तरी तो स्क्रूबरोबर नुसता फिरत राहतो. तिथं ठोके बंद, नुसतं फिरवायचं. मऊ जांभ्याला आणि नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी (हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या) ब्लॉकलाही तेच.

टाइलवर हॅमर लावणं म्हणजे तडा मागून घेणं. टाइलच्या मागं मसाला नीट भरला नसेल, पोकळी असेल, तर पहिल्याच ठोक्याला चीर जाते. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. सिरॅमिकला भाल्याच्या टोकाचं टाइल बिट, व्हिट्रिफाइडला डायमंड बिट, दोन्ही ठोक्याशिवाय आणि सावकाश. डायमंड बिटाला ओला स्पंज पुरतो. वायरवाल्या मशीनवर पाणी ओतू नका. टाइल पार झाली की बिट बदला, आणि मागं काँक्रीट असेल तरच हॅमर चालू करा.

लाकूड-लोखंडासाठी या मशीनला चकचा (साधं बिट आवळून धरणाऱ्या जबड्याचा) अडॅप्टर मिळतो, पण त्यावर ठोके चालू ठेवले की चकची वाट लागते. अडॅप्टरला थोडी ढिलाई असतेच, त्यामुळं नेमकं भोक पडत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणी लोखंडाच्या जॉबला रोटरी हॅमर लावताना बघितलाय का? साधं ड्रिल आणि लाकडासाठी किंवा लोखंडासाठी असलेलं बिट घ्या.

तापलेलं बिट पाण्यात बुडवायचं नाही. टोकाचा कार्बाइडचा, म्हणजे फार कठीण पदार्थाचा, तुकडा वेगळा जोडलेला असतो. एकदम गार केला की त्याला तडा जातो, कधी जोडच सुटतो.

रुमालाचं मात्र मेसेजनं फारच हलक्यात घेतलंय. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते, आणि तिचे फुफ्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. रुमाल ते अडवत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग, हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. घरात वर्षाकाठी दोन भोकं पाडणाऱ्याला लगेच काही होणार नाही. रोज पाच घरं करणाऱ्या कारागिराचं गणित वेगळं आहे. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क घाला, आणि डोक्याच्या वर, छतात भोक पाडताना गॉगल हवाच.

रबरी मोज्यांच्या भरवशावर भिंतीतली वायर शोधायला जाऊ नका. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत वायर असणार असं धरूनच चाला, शक्यतो त्या भागाचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा आणि मशीनला दुसरीकडून लाइन घ्या. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लागतो. ढगळ मोजे तर नकोतच, फिरत्या बिटात गुंडाळले जातात.

ग्रीसचं तेवढं बरोबर आहे. शँक, म्हणजे बिटाचं मशीनमध्ये जाणारं मागचं टोक, पुसून बोटानं थोडं लावायचं, पुढच्या टोकाला नाही.