गाणं आधी, चर्च नंतर

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या नॅशुआ गावाजवळच्या ‘लिटल ब्राउन चर्च’चा (छोटं तपकिरी चर्च) फोटो फिरतो, आणि खाली ठरलेली गोष्ट: विल्यम पिट्स नावाच्या तरुणाला झाडीत हे चर्च दिसलं, तो भारावला, त्यावर ‘द चर्च इन द वाइल्डवुड’ हे गाणं लिहिलं, पुढे गाण्यातल्या तपकिरी चर्चचा मान राखायला गावाने चर्च तपकिरी रंगवलं, आणि ते तेव्हापासून अखंड गजबजलेलं आहे.

गोष्ट गोड आहे. पण पिट्स तिथे पहिल्यांदा गेला १८५७ साली. होणाऱ्या बायकोला भेटायला विस्कॉन्सिनहून निघाला होता, वाटेत घोडागाडी नॅशुआजवळच्या ब्रॅडफर्ड गावात थांबली आणि तो जरा फिरून आला. तेव्हा तिथे नुसती झाडी होती. चर्च सोडा, पायाचा दगडही नव्हता. इथे एखादं चर्च शोभेल, असं त्याच्या मनात आलं. घरी परतून गाणं लिहिलं आणि बाजूला ठेवून दिलं.

मग काही जण उलटं सांगतात, की गाणं ऐकून गावाने चर्च बांधलं. तेही नाही. ब्रॅडफर्डची काँग्रिगेशनल मंडळी (प्रोटेस्टंटांचा एक पंथ; अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमागे मुख्यतः याच पंथाचे लोक) १८५५ पासून मिळेल त्या जागेत उपासना करत होती. पाद्री जॉन नटिंग आल्यावर बांधकामाने जोर धरला. पैसा नव्हता, त्यात यादवी युद्ध. कुणी झाडं दिली, कुणी ती फुकट चिरून दिली, तेव्हा कुठे भिंती उभ्या राहिल्या. गाणं पिट्सकडेच पडून होतं. १८६२ मध्ये तो त्या भागात राहायला आला, तर मनातल्याच जागेवर चर्च उभं राहत होतं! ते गाणं तिथे गायलं गेलं १८६४ मध्ये.

आणि रंग? बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा खनिज रंग तपकिरी होता. ऊन-बर्फात लाकूड टिकायला हवं होतं, पांढरा परवडत नव्हता. मान कसला, नड होती ती.

‘तेव्हापासून अखंड गजबजलेलं’ हेही पुसून टाका. रेल्वे नॅशुआवरून गेली, ब्रॅडफर्ड ओस पडलं आणि १८८८ मध्ये चर्चला कुलूप लागलं. गाणं घरोघरी पोचलं ते विसाव्या शतकात, गावोगाव गाणाऱ्या वेदरवॅक्स बंधूंमुळे.

राहता राहिली पिट्सची कमाई. शिकागोच्या प्रकाशकाने गाण्याचे २५ डॉलर दिले. ते त्याच्या वैद्यकीय कॉलेजच्या फीमध्ये गेले.