‘थकवा’ हे निमित्त नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नव्या फौजदारी कायद्यांमुळे वकील-न्यायाधीशांना येणाऱ्या बर्नआउटवरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वकील आणि न्यायाधीश नव्या कायद्यांमुळे थकले, ही रड ऐकवताना वर्षानुवर्षे तारखांना येणाऱ्या पक्षकारांचा थकवा मी विसरलो आणि सुधारणेला विरोध करण्याचे नवे निमित्त शोधले, असा आपला आक्षेप आहे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. लेखात पक्षकार आलेच नाहीत. निमित्ताचा आरोप मात्र मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी ती अवस्था आहे, आणि तिची तीन अंगे सांगितली जातात : शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता वाटणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटू लागणे. आपण पहिल्यावरच बोललात, माझा रोख तिसऱ्यावर होता.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण जुनी दंड संहिता त्या दिवशी कोर्टातून गेली नाही. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला कलम जुनेच लागते. तो नंतर नोंदवला गेला, तर प्रक्रिया सामान्यतः नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. आणि त्या दिवशी सुरू असलेले खटले जुन्याच प्रक्रियेने चालतात. कोर्टाच्या एकाच बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, पूर्ण जुने, पूर्ण नवे आणि असे मिश्र तिन्ही प्रकार येतात. ज्याने वीस वर्षे ‘तीनशे दोन’ म्हणजे खून असे झोपेतही सांगितले असते, त्याला आता खुनासाठी १०३ म्हणावे लागते, कारण नव्या ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचा गुन्हा आहे. (ज्युनिअरना हे सोपे जाते, त्यांना विसरायचे कमी असते.) अशिलासमोर पुस्तक उघडून खात्री करावी लागणे ही वरवर क्षुल्लक गोष्ट, पण रोज घडली की माणसाचा स्वतःच्या कसबावरचा विश्वास झिजतो.

सत्र खटल्यात युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत निकाल द्यावा, ही नव्या संहितेतली तरतूद मला योग्यच वाटते. मात्र मुदत कायद्यात लिहिता येते. न्यायाधीशांच्या आणि लघुलेखकांच्या रिकाम्या जागा तशा भरत नाहीत. ही तफावत शेवटी कोणीतरी रात्री जागून भरून काढतो, आणि त्यातून येणारी तुच्छता, म्हणजे ते दुसरे अंग, आपल्याच पक्षकाराच्या वाट्याला येते. त्याचे म्हणणे अर्धवट ऐकले जाते.

पक्षकारांविषयीचा परिच्छेद मी मूळ लेखात जोडतो आहे. शीर्षक मात्र तेच ठेवणार आहे.