सोर्स कोडला कुलूप लावण्याची इंदुरी पद्धत

इंदूरच्या विजयनगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन तुम्ही ॲप काढलंत, अभिनंदन. आता पहिलं काम सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ लिहिलेला कोड, सांभाळण्याचं. दारावर 'गोपनीय' अशी पाटी लावा. परवा लागलेल्या इंटर्नकडून स्टँप पेपरवर सही घ्या आणि यूएसबीच्या खाचांत एम-सील भरा. होळकरांच्या खजिन्यावर नसेल एवढा पहारा बसवा.

त्या खजिन्यात आपलं स्वतःचं किती, हे मात्र मोजू नका. मोजायचंच असेल तर रात्री, दिवे घालवून. तुम्ही तीस लायब्रऱ्यांना, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडला, आमंत्रण दिलंत. त्या आल्या सहकुटुंब सहपरिवार, कुटुंबाने आपले व्याही आणले, व्याह्यांनी शेजारी. या लायब्रऱ्या जिथे उतरतात त्या नोड-मॉड्यूल्सच्या फोल्डरात पंगत नऊशेवर गेली. त्यातल्या एकाचंही तोंड तुम्ही पाहिलेलं नाही. तुमचं म्हणाल तर एक लॉगिनचं पान आणि पोह्याची ऑर्डर नोंदवणारं एक फंक्शन. पहारा त्याच्यावर.

त्या पंगतीत कोणीतरी अकरा ओळींचा पाहुणा असतो. मार्च 2016मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा असाच एक जण रुसून उठला. अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. लेखकाचं एनपीएमशी, म्हणजे या लायब्रऱ्या वाटणाऱ्या कोठाराशी, बिनसलं, त्याने आपलं सामान उचललं आणि जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी, म्हणजे बिल्ड, कोसळली. पण तुम्ही कशाला काळजी करता? तुमच्या खाचांत एम-सील आहे.

अँड्रॉइडसाठी कोड आकसून टाकणारा आर-एट चालवायला विसरू नका. तो तुमच्या कोडमधल्या क्लासची नावं बदलून 'ए', 'बी', 'सी' करतो; चोर गोंधळलाच पाहिजे. पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली मात्र तिथेच, कोडमध्ये, अवतरणचिन्हांत राहू द्या. आर-एट तिला हात लावत नाही. सुदामा नगरातला बारावीचा पोरगा जॅडएक्स या कोड उलगडणाऱ्या साधनाने एपीके, म्हणजे ॲपची फाइल, उघडतो, नावं सोडून देतो आणि किल्ली घेतो. ती सर्व्हरवर ठेवता आली असती, पण सर्व्हरचं भाडं महिन्याला येतं ना, भिया.

वेबचंही तसंच. जावास्क्रिप्ट दाबून एका ओळीत आणा आणि शेजारी सोर्स मॅपची फाइलही चढवा. कोणाची गैरसोय नको. त्यात मूळ कोड अख्खा मिळतो, 'भियाने सांगितलं म्हणून केलंय, पुढे बघू' या टिप्पणीसकट.

लायब्रऱ्यांचं लायसन्स वाचू नये. डोळे बिघडतात. एमआयटी लायसन्सवाला फक्त एवढंच म्हणतो की माझी कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर राहू दे. ते दोन्ही आधी पुसा. जीपीएल लायसन्सवाला म्हणतो, माझा कोड घालून वस्तू लोकांना दिलीस तर त्यांना सोर्सही दे. याला हसून सोडा. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-54जी राउटरात जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं 2003मध्ये लोकांच्या लक्षात आलं. कंपनीला कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच पुढे राउटरसाठीचं ओपन-डब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पण ते अमेरिकेतलं. आपल्याकडे ओपन सोर्स म्हणजे अन्नछत्र. बाकीचे तिथे जेवून वर मिरपूड मागतात. आपण इंदूरचे, पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण मागावं आणि निघताना अन्नछत्रालाच आपलं कुलूप ठोकावं.

अपडेटबाबत दोन पंथ आहेत, दोन्ही सारखेच पवित्र. पहिला म्हणतो, जे नवं येईल ते न बघता घ्या, आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल फेकून द्या. 2018मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या थकलेल्या लेखकाने मागायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती लायब्ररी सोपवली. त्या गृहस्थाने कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवून आत नवा चोरटा पाहुणा बसवला. दुसरा पंथ म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीचं घ्या. अपाचे स्ट्रट्स या लायब्ररीतल्या भोकाचं ठिगळ मार्च 2017मध्ये तयार होतं, त्यांनी ते लावलं नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. आमच्या ऑफिसात सोमवारी पहिला पंथ असतो, शुक्रवारी दुसरा.

एवढं करूनही एखादा पुण्याचा ग्राहक खडूसपणे विचारतोच, "ॲपमध्ये कोणाकोणाच्या लायब्रऱ्या आहेत, आवृत्त्यांसकट यादी पाठवा." गडबडू नका. गंभीर चेहऱ्याने सांगा, "साहेब, ते गोपनीय आहे." यात खोटं काहीच नाही, तुमच्यापासूनसुद्धा ते गोपनीयच आहे. मग त्याला छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या आणि पोहे-जलेबी खिलवा. पोह्यात काय काय घातलंय, ते दुकानदार त्याला न विचारता सांगेल.