खुलासा: ‘बेरा’ तपासणीत बाळाला करंट देत नाहीत

आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: बेरा तपासणीत (बाळाला ऐकू येतं का, ते पाहण्याची तपासणी) तान्ह्या बाळाच्या मेंदूला करंट देतात, म्हणूनच आधी त्याला झोपवतात. हे खरं नाही. मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, ही तपासणी रोज करते.

कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून आत काही जात नाही. ते फक्त नोंद घेतात. कानात जातो तो इअरफोनमधला टकटक आवाज. त्याला श्रवणनस आणि मेंदूकडून मिळणारा विद्युत प्रतिसाद एक मायक्रोव्होल्टहूनही लहान असतो. बाळाने नुसती चोखणी चोखली तरी स्नायूंच्या संकेतात तो बुडून जातो. झोप हवी ती एवढ्यासाठी. दूध पिऊन आईच्या मांडीवर लागलेली असेल तर उत्तमच. औषध लागलंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मग सुमारे २००० टकटकींची सरासरी काढतो, गोंधळ विरत जातो आणि प्रतिसादाच्या आलेखातली पाचवी लाट, म्हणजे आवाज मेंदूकडे पोचल्याची खूण, स्पष्ट दिसते.

मेसेजमधला ‘भाजल्याचा’ फोटो? इलेक्ट्रोडआधी जेलने त्वचा घासतो, तिथे थोडी लाली येते. बहुधा तीच.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासाही पाठवा. श्रवणदोषाचं निदान बाळ ३ महिन्यांचं होईपर्यंत व्हायला हवं. भीतीपोटी तपासणी लांबवू नका.